चुकीच्या खात्यात गेलेला पैसा

बँकेमार्फत पैसे पाठविणे ही आज शहरी जीवनातील रोजची बाब झाली आहे. घरभाडे, शाळेची फी, कामगाराची मजुरी, गावी असलेल्या आईवडिलांना पाठवावयाची रक्कम, हे सारे मोबाइल फोनवर काही आकडे दाबून उरकते. या सोयीबरोबर एक जुनी अडचण नव्या रूपात पुढे आली आहे. खाते क्रमांकातील एक आकडा चुकला की पैसा एखाद्या अनोळखी माणसाच्या खात्यात जमा होतो. अशा वेळी तीन प्रश्न उभे राहतात. त्या पैशावर पाठविणाऱ्याचा काही हक्क उरतो काय? ज्याला तो मिळाला त्याला तो ठेवून घेता येतो काय? आणि बँक तो परस्पर परत का आणीत नाही?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भारतीय कायद्याने १८७२ सालीच दिलेली आहेत आणि ती पाठविणाऱ्याच्या बाजूची आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याला गैरसोयीचे आहे. हक्क भक्कम असूनही पैसा हाती येण्यास महिने किंवा वर्षे का लागतात, हे या तिसऱ्या उत्तरावरून समजते.

नाव आणि क्रमांक

पूर्वी पैसा दूर पाठविताना घेणारा कोण हे पाहण्याची जबाबदारी देणाऱ्यावर असे. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्यातील माणसे दिल्लीस राहत. त्या काळी उत्तरेतील रकमा पुण्यास पोचविण्याचे एक नेहमीचे साधन हुंडी हे होते. हुंडीचे अनेक प्रकार होते. नामजोग हुंडी तीत नाव लिहिलेल्या माणसाला किंवा त्याच्या आज्ञेने द्यावयाची असे. शाहजोग हुंडीचे पैसे केवळ ‘शाह’ म्हणजे बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच मिळत. पुढे ती हुंडी खोटी निघाली, तर ते पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. पेढीवरील मुनीम घेणाऱ्याची ओळख पटल्याखेरीज रोकड मोजीत नसे. १८८१ सालच्या परक्राम्य संलेख कायद्यानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना बाध आणला नाही.

१८८० साली सुरू झालेल्या मनिऑर्डरीतही हेच तत्त्व होते. पोस्टमन घरी येई, नाव विचारी आणि सही घेऊनच पैसे देई. सही येत नसल्यास साक्षीदारासमोर अंगठा उठविला जाई. पोचपावती पाठविणाऱ्याकडे परत जाई. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या कोकणी माणसाला आपले पैसे आईच्याच हाती पडल्याचे त्या पावतीवरील अंगठ्यावरून कळत असे. मनिऑर्डरीचे हे जुने कागदी रूप २०१५ साली बंद झाले. धनादेशाच्या बाबतीतही, ज्या खात्यात तो भरला जातो ते खाते धनादेशावरील नावाच्याच माणसाचे आहे ना, हे वसुली करणाऱ्या बँकेला पाहावे लागते.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत ही तपासणी गळून पडली. मोठ्या रकमा तत्काळ वळत्या करणारी आर.टी.जी.एस. ही यंत्रणा भारतात मार्च २००४ मध्ये आली. एन.ई.एफ.टी. नोव्हेंबर २००५ मध्ये आणि आय.एम.पी.एस. नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झाली. यू.पी.आय.चा आरंभ एप्रिल २०१६ मधील आहे. व्यवहारांची संख्या इतकी वाढली की प्रत्येक वेळी नाव ताडून पाहणे बँकांना जिकिरीचे होऊ लागले. एकच मनुष्य आपले नाव तीन प्रकारे लिहितो, आणि आद्याक्षरे, आडनावे व स्पेलिंग यांचा मेळ बसत नाही. रिझर्व्ह बँकेने १४ ऑक्टोबर २०१० रोजी परिपत्रक काढून या बाबतीत स्पष्ट नियम घालून दिला. सूचनेत लाभार्थ्याचे नाव लिहिणे बंधनकारक राहील, परंतु रक्कम जमा करताना केवळ खाते क्रमांकावर विसंबले जाईल. खाते क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्याची राहील. बँकांनी तशी स्पष्ट सूचना ग्राहकाच्या दृष्टीस पडेल अशी ठेवावी, असेही त्यात सांगितले होते.

या नियमाचा परिणाम असा, की पाठविणाऱ्याने नाव बिनचूक लिहिले आणि क्रमांकात एक आकडा चुकविला, तर पैसा चुकलेल्या क्रमांकाच्या मागोमाग जातो. ‘नाव तर बरोबर लिहिले होते’ ही तक्रार बँकेविरुद्ध सहसा टिकत नाही.

चूक कोणत्या प्रकारची आहे

उपाय शोधण्यापूर्वी चूक नेमकी कोणती हे ठरविणे अगत्याचे असते, कारण प्रत्येक प्रकारची वाट वेगळी आहे.

पहिल्या प्रकारात लिहिलेला खाते क्रमांक अस्तित्वातच नसतो, किंवा ते खाते बंद झालेले असते. तेथे काळजीचे कारण थोडे असते. घेणारी बँक रक्कम जमा करू शकत नाही आणि ती परत फिरते. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने अयशस्वी व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. आय.एम.पी.एस.ने पाठविलेली रक्कम पाठविणाऱ्याच्या खात्यातून वजा झाली, पण समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर पुढील दिवसापर्यंत ती परत आली पाहिजे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी बँकेने १०० रुपये भरपाई द्यावी, असे त्यात ठरविले गेले.

दुसऱ्या प्रकारात चुकीचा क्रमांक प्रत्यक्षात दुसऱ्या कोणाचा तरी असतो. व्यवहार यंत्रणेच्या दृष्टीने यशस्वी ठरतो, त्यामुळे वरील मुदती येथे लागू होत नाहीत. प्रस्तुत विवेचनाचा विषय मुख्यतः हाच प्रकार आहे.

तिसऱ्या प्रकारात कोणी तरी फसवून पैसे पाठवावयास लावलेले असते. ती चूक नव्हे, तो गुन्हा होय. त्यासाठी १९३० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक असून तेथे तत्काळ कळविल्यास पैसा पुढे काढला जाण्यापूर्वी अडविण्याचा प्रयत्न करता येतो. फसवणुकीला चूक म्हणून बँकेत सांगणारा मनुष्य मोलाचे तास गमावतो. उलट, स्वतःच्या चुकीला फसवणूक म्हणून नोंदविणारा मनुष्य एका निरपराध खातेदाराला चौकशीत गुंतवितो आणि आपली बाजूही लंगडी करतो.

१८७२ चा कायदा काय सांगतो

भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा आहे. त्याच्या पाचव्या प्रकरणात, प्रत्यक्ष करार झालेला नसतानाही करारासारखी बंधने कोठे निर्माण होतात, ते सांगितले आहे. या प्रकरणातील शेवटचे कलम ७२ वे होय. ज्याला चुकीने किंवा बळजबरीने पैसे दिले गेले असतील, त्याने ते परत केले पाहिजेत, एवढाच त्याचा आशय आहे. कलमाखाली दिलेले एक उदाहरण असे आहे. अ आणि ब या दोघांना मिळून क याचे १०० रुपये देणे आहे. अ ते एकटा फेडतो. ब याला याची वार्ता नसल्याने तोही १०० रुपये देतो. क याने ब चे पैसे परत केले पाहिजेत.

या तत्त्वाचे मूळ पुष्कळ जुने आहे. देणे नसताना दिलेले परत मागण्याचा दावा रोमन कायद्यात होता. इंग्लंडमध्ये १७६० साली मोझेस विरुद्ध मॅकफर्लन या खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी अशा दाव्याचा पाया नैसर्गिक न्यायात असल्याचे प्रतिपादन केले. दुसऱ्याचा पैसा ज्याच्या हाती अन्यायाने राहिला आहे, त्याला तो परत करावयास लावणे हे न्यायाचे काम आहे, असा त्यांचा विचार होता.

सामान्य माणसाच्या मनात येथे एक शंका येते. चूक तर पाठविणाऱ्याचीच होती. त्याने लक्ष दिले नाही, मग त्याला न्याय का मिळावा? या शंकेचे उत्तर १८४१ सालच्या केली विरुद्ध सोलारी या इंग्लिश खटल्यात सापडते. एका विमाधारकाने शेवटचा हप्ता भरला नव्हता, म्हणून त्याचा विमा रद्द झाला होता. कागदावर तशी नोंदही होती. तो वारल्यावर विमा संस्थेच्या संचालकांना ही गोष्ट आठवली नाही आणि त्यांनी त्याच्या विधवेला रक्कम दिली. पुढे ध्यानात येताच त्यांनी ती परत मागितली. देणाऱ्याने कितीही निष्काळजीपणा केला असला, तरी पैसा खरोखर चुकीने दिला गेला असेल तर तो परत मागता येतो, असे तत्त्व न्यायालयाने सांगितले. अपवाद एवढाच, की खरे काय ते न पाहता, जे असेल ते असो अशा भावनेने कोणी जाणूनबुजून पैसे दिले असतील, तर त्याला मागाहून तक्रार करता येत नाही.

भारतात या कलमाचा अर्थ अधिक व्यापक झाला. १९४९ साली प्रिव्ही कौन्सिलने ७२ व्या कलमातील ‘चूक’ या शब्दात कायद्याविषयीची चूकही येते असे ठरविले. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने बनारसच्या एका सराफी पेढीच्या प्रकरणात तेच मत स्वीकारले. त्या पेढीने वायद्याच्या व्यवहारांवर विक्रीकर भरला होता आणि तो कर आकारणे बेकायदा होते असे मागाहून ठरले. प्रत्यक्ष शासनालाही चुकीने आलेला पैसा ठेवता येत नाही, मग अनोळखी खातेदाराची गोष्टच नको.

खाते क्रमांकातील आकडा चुकणे ही तर वस्तुस्थितीविषयीची साधी चूक आहे. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने संशयास जागा उरत नाही. पाठविणाऱ्याचा हक्क कायम राहतो आणि घेणाऱ्यावर परत करण्याचे बंधन येते.

बँक परस्पर पैसे का काढीत नाही

बँक ही खातेदाराची ऋणको असते. खात्यात जमा झालेली रक्कम खातेदाराच्या आदेशाखेरीज किंवा कायद्याच्या अधिकाराखेरीज ती दुसऱ्याला देऊ शकत नाही. दुसऱ्या एखाद्या माणसाने ‘हे पैसे माझे आहेत’ असे सांगितले म्हणून बँक पैसे काढू लागली, तर कोणाचेच खाते सुरक्षित राहणार नाही. माल मिळाल्यावर पैसे चुकून गेल्याची बतावणी करणारा लबाड ग्राहकही त्याच वाटेने विक्रेत्याचे पैसे काढून घेईल. चुकीची तक्रार खरी की खोटी हे ठरविण्याचा अधिकार बँकेला नाही.

दुसरी मर्यादा गोपनीयतेची आहे. बँकेने खातेदाराची माहिती बाहेर सांगू नये हा नियम इंग्लंडमध्ये १९२४ सालच्या टूर्निये खटल्यात स्पष्टपणे मांडला गेला आणि भारतातही तो मानला जातो. कायद्याची सक्ती, सार्वजनिक हित, बँकेचे स्वतःचे हित व ग्राहकाची संमती, हे त्याचे चार अपवाद होत. म्हणून घेणाऱ्याची बँक त्याचे नाव, पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक पाठविणाऱ्याला देत नाही. यामुळे पाठविणाऱ्याची चमत्कारिक स्थिती होते. आपला पैसा कोणत्या क्रमांकाच्या खात्यात आहे हे त्याला ठाऊक असते. कोणाकडे आहे, हे मात्र ठाऊक नसते.

मग बँकेने काय करावयाचे असते? पाठविणाऱ्याच्या बँकेने तक्रार नोंदवून घेणाऱ्याच्या बँकेला कळवावे, आणि त्या बँकेने आपल्या खातेदाराशी संपर्क साधून त्याची लेखी संमती मागावी. संमती मिळाली की रक्कम उलट वळती होते. प्रामाणिक खातेदार भेटला, तर सारे प्रकरण अर्जावरच मिटते. चूक बँकेच्या कर्मचाऱ्याचीच असेल, म्हणजे ग्राहकाने अर्जावर क्रमांक बरोबर लिहिला असून कर्मचाऱ्याने तो चुकीचा भरला असेल, तर मात्र जबाबदारी बँकेची राहते. अशा वेळी अर्जाची शिक्का मारलेली प्रत हाच निर्णायक पुरावा ठरतो.

पहिल्या दिवसाची कामे

एक कल्पित उदाहरण घेऊन हा क्रम पाहू या. नोएडा येथील तयार कपड्यांच्या कारखान्यातील एका कारागिराने गाझियाबादेत खोली भाड्याने घेतली आहे. अनामत म्हणून त्याने घरमालकाला ४८,००० रुपये पाठविले. क्रमांकातील शेवटून दुसरा आकडा चुकला. त्याच बँकेच्या दिल्लीतील करोल बाग शाखेत खाते असलेल्या दुसऱ्याच एका माणसाकडे रक्कम गेली. त्या माणसाचे घर फरीदाबादेत आहे. कारागिराची ही कित्येक महिन्यांची शिल्लक आहे. ती परत येईपर्यंत घरमालक खोलीची किल्ली देणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने त्याला काहीच मिळालेले नाही. शाळा उघडण्यापूर्वी मुलांना आणावयाचा बेत त्यामुळे लांबणीवर पडतो.

या माणसाने पहिल्या तासातच आपल्या बँकेच्या ग्राहक सेवा केंद्राला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. त्यानंतर त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज द्यावा. अर्जात व्यवहाराचा दिनांक, वेळ, रक्कम व संदर्भ क्रमांक असावा. ज्या खात्यात पैसे जावयाचे होते तो क्रमांक आणि ज्यात गेले तो क्रमांक, दोन्ही शेजारीशेजारी लिहावे. एका आकड्याचा फरक डोळ्यांना दिसला, की चूक खरी असल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. सोबत भाडेकराराची प्रत जोडावी, म्हणजे पैसा मुळात कोणासाठी होता हे सिद्ध होते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेची पोच घ्यावी. करोल बाग शाखेच्या व्यवस्थापकालाही तोच मजकूर स्वतंत्रपणे कळवावा.

घाईचे कारण कायद्यात नाही, खात्याच्या स्वरूपात आहे. पैसा खात्यात असेपर्यंत संमतीचा प्रश्न सोपा असतो. तो खर्च झाला, पुढे वळता झाला, किंवा त्या खातेदाराच्या कर्जाच्या हप्त्यात गेला, म्हणजे तोच प्रश्न वसुलीचा होतो.

बँकेने तक्रारीची दखल घेतली नाही, किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. बँकिंग लोकपालाची पहिली योजना १९९५ साली आली. २०२१ साली निरनिराळ्या योजना एकत्र करण्यात आल्या. येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. लोकपाल बँकेच्या सेवेतील उणीव पाहतो. बँकेने पत्रव्यवहार केला नाही, विलंब लावला, तर तो तिला जाब विचारू शकतो. पैसे ठेवून घेणाऱ्या खातेदाराला मात्र तो आदेश देऊ शकत नाही.

न्यायालयाची वाट

खातेदाराने संमती नाकारली, किंवा तो पत्रांना उत्तरच देत नसेल, तर दिवाणी दावा हा उपाय उरतो. दाव्यापूर्वी लेखी नोटीस पाठविणे हितावह असते. १९७८ च्या व्याज अधिनियमानुसार, व्याज मागितले जाईल असे लेखी कळविल्यास त्या तारखेपासूनचे व्याज न्यायालय देऊ शकते. खातेदाराचे नाव ठाऊक नसल्यास नोटीस बँकेमार्फत पोचविण्याची विनंती करावी. दावा लावताना बँकेलाही पक्षकार करून खातेदाराची माहिती उघड करण्याचा आदेश मागता येतो. न्यायालयाचा आदेश आला, की गोपनीयतेचे बंधन आड येत नाही. रक्कम अद्याप खात्यात असेल, तर ती निकालापर्यंत तशीच राहावी म्हणून मनाईहुकूमही मागता येतो.

राजधानी क्षेत्रात आणखी एक प्रश्न पडतो. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाचा कायदा १९८५ साली झाला. या क्षेत्रात दिल्लीखेरीज हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान या राज्यांचे जिल्हे येतात. मेट्रोने तासाभरात ओलांडता येणाऱ्या या प्रदेशात न्यायालये आणि पोलीस मात्र वेगवेगळ्या राज्यांचे आहेत. वरील उदाहरणात पैसा उत्तर प्रदेशातून निघाला, दिल्लीत जमा झाला आणि घेणारा हरियाणात राहतो. दावा कोठे लावावा? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २० व्या कलमानुसार, प्रतिवादी जेथे राहतो तेथे, किंवा दाव्याचे कारण जेथे पूर्णतः अथवा अंशतः घडले तेथे दावा लावता येतो. म्हणून नोएडाच्या माणसाला आपल्याच जिल्ह्यात, सूरजपूरच्या न्यायालयात जाण्याचा मार्ग सामान्यतः खुला राहतो. रोजंदारी बुडवून फरीदाबादला खेपा घालण्याची सक्ती त्याच्यावर नाही.

मुदत तीन वर्षांची आहे. १९६३ च्या मुदत अधिनियमाचे १७ वे कलम असे सांगते, की दाव्याचा आधार चूक हा असेल, तर चूक कळल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर ती ज्या दिवशी कळली असती तेव्हापासून मुदत मोजावी. ज्याने वर्षभर खातेउतारा पाहिलाच नाही, त्याला दक्षतेच्या कसोटीला उतरावे लागेल.

४८,००० रुपयांसाठी वकील करणे अनेकांना परवडत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या १२ व्या कलमाने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना विनामूल्य कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. उदाहरणातील कारागीर या कलमात बसतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीतही हा तंटा नेता येतो. तेथे न्यायालय शुल्क लागत नाही. दोन्ही पक्षांची तडजोड झाल्यास तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते.

अप्रामाणिकपणा कोठे सुरू होतो

खात्यात अचानक पैसे आले म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. गुन्हा ठरतो तो त्यानंतरच्या वर्तनावरून. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ४०३ वे कलम अप्रामाणिकपणे केलेल्या अपहाराविषयी होते. त्याखालील उदाहरणे आजही बोधप्रद आहेत. रस्त्यात सापडलेला रुपया कोणाचा हे ठाऊक नसताना जो तो उचलतो, तो गुन्हा करीत नाही. परंतु रस्त्यात सापडलेल्या पत्रात नोट आहे आणि पत्त्यावरून ती कोणाची हे कळले आहे, तरीही जो ती खिशात घालतो, तो दोषी होय. चुकीने जमा झालेली रक्कम या दुसऱ्या उदाहरणाच्या जवळची आहे, कारण तिच्याबरोबर पाठविणाऱ्याची नोंद आलेली असते आणि बँकेचे पत्रही मागोमाग येते.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३१४ व्या कलमात या गुन्ह्यास किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा सांगितली आहे. तथापि हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाखेरीज पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. पोलीस ठाण्यात गेल्याबरोबर पैसा परत मिळेल, ही अपेक्षा त्यामुळे बहुधा फोल ठरते.

ज्याच्या खात्यात परका पैसा आला, त्यानेही सावध राहावे. अनोळखी माणसाचा दूरध्वनी आला म्हणून त्याने सांगितलेल्या दुसऱ्याच खात्यावर रक्कम परस्पर पाठवू नये. आपल्या बँकेला लेखी कळवून, ज्या खात्यातून रक्कम आली त्याच खात्यात ती बँकेमार्फत परत करावी. चुकीचे निमित्त सांगून लुबाडणारेही असतात, आणि लेखी कागद दोन्ही प्रामाणिक पक्षांचे रक्षण करतो.

मोठ्या बँकांच्याही चुका

अशा चुका केवळ गरीब किंवा अल्पशिक्षित माणसाच्या हातून होतात, असा समज असेल तर तो दूर करणारे एक उदाहरण अमेरिकेत घडले. ऑगस्ट २०२० मध्ये सिटी बँकेला रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीच्या धनकोंना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यावयाचे होते. प्रत्यक्षात सुमारे ९० कोटी डॉलर निघून गेले. संगणकावरील व्यवहारास तीन माणसांची मान्यता लागत असे आणि तिघांनीही ती दिली होती. अनेक धनकोंनी पैसे परत केले, पण सुमारे ५० कोटी डॉलर काहींनी ठेवून घेतले. खरोखर देणे असलेली रक्कम चुकून आली तरी ती ठेवता येते, या न्यूयॉर्कच्या एका नियमाच्या आधारे फेब्रुवारी २०२१ मध्ये खालच्या न्यायालयाने धनकोंच्या बाजूने निकाल दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला. कर्ज फेडण्याची वेळ अद्याप आलेली नव्हती आणि एवढी रक्कम अचानक का आली याची चौकशी धनकोंनी करावयास हवी होती, असे त्याने म्हटले. उत्तम वकील दिमतीला असलेल्या या बँकेलाही निकालासाठी दोन वर्षे थांबावे लागले.

पाठविण्यापूर्वीची तपासणी

हक्क पाठविणाऱ्याच्या बाजूला आहे, पण त्याची अंमलबजावणी दुसऱ्याच्या संमतीवर किंवा न्यायालयाच्या वेळेवर अवलंबून आहे. म्हणून अनेक देशांनी नावाची तपासणी पुन्हा व्यवहारात आणली. ब्रिटनमधील मोठ्या बँकांनी २०२० साली, पैसे पाठविण्यापूर्वी नाव व क्रमांक जुळतात काय हे सांगणारी सोय सुरू केली. भारतात यू.पी.आय.मध्ये नाव दिसत असे. आर.टी.जी.एस. व एन.ई.एफ.टी. यांत ते दिसत नव्हते. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी या दोन्ही यंत्रणांसाठी लाभार्थ्याचे नाव पाहण्याची विनामूल्य सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करण्यास बँकांना सांगितले. खाते क्रमांक व शाखेचा आय.एफ.एस.सी. संकेतांक दिला, की बँकेच्या दप्तरी असलेले नाव पाठविणाऱ्याला दिसते.

ही सोय उपयोगी पडावी म्हणून पाठविणाऱ्याने दोन गोष्टी कराव्या लागतात. दिसणारे नाव खरोखर वाचले पाहिजे. आणि नव्या खात्यात मोठी रक्कम पाठवावयाची असेल, तर आधी एखादा रुपया पाठवून तो पोचल्याचे घेणाऱ्याच्या तोंडून ऐकून घेतले पाहिजे. क्रमांक कोणी तोंडी सांगितला असेल, तर पासबुकाच्या किंवा रद्द केलेल्या धनादेशाच्या छायाप्रतीवरून तो ताडून पाहावा. पूर्वी पेढीवरचा मुनीम आणि दारी आलेला पोस्टमन जी खातरजमा करीत असत, ती आता पाठविणाऱ्याने स्वतः करावयाची आहे. तिला एक-दोन मिनिटे लागतात. ती राहून गेली तर १८७२ च्या कायद्याचा आधार आहेच, परंतु त्या आधाराने पैसा परत येईपर्यंत नोएडाच्या कारागिराच्या मुलांचे शाळेचे वर्ष निघून गेलेले असू शकते.